डेस्कटॉप इंडेक्सिंग आणि फाइलींवर साचलेला मेटाडेटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स डेस्कटॉपवर फाइल शोधून देणारी यंत्रणा मागे गुपचूप चालू असते. ती बिघडली की कॉम्प्युटर मंदावतो, शोधात एकच फाइल चार वेळा दिसते, आणि कधी तरी फाइलींचे गुणधर्म पाहताना आपण न लिहिलेल्या नोंदी समोर येतात. दहा-पंधरा वर्षांचा डेटा एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेत आलेल्या माणसाला या नोंदी हमखास भेटतात. घरचे फोटो, शाळेचे दप्तर, ग्रंथालयाचे स्कॅन, छापखान्याच्या जुन्या फाइली, असा डेटा सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. भर केडीई आणि ग्नोम या दोन डेस्कटॉपवर आहे.

आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतात, म्हणून जिथे घोटाळा होऊ शकतो तिथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत.

फाइलीचा मेटाडेटा नेमका कुठे असतो?

मेटाडेटा म्हणजे फाइलीविषयीची माहिती. ती असते तीन ठिकाणी. या तीन जागा मनात वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर पुढची एकही अडचण नीट सुटणार नाही.

पहिली जागा फाइलीच्या आत. फोटोतली तारीख, कॅमेरा आणि ठिकाण म्हणजे एक्झिफ, गाण्यातले गायकाचे नाव म्हणजे आयडी३ टॅग, पीडीएफचे शीर्षक, हे सगळे फाइलीच्या बाइटांतच असते. फाइल ईमेलने पाठवली तरी ते बरोबर जाते.

दुसरी जागा फाइलीला चिकटलेली, पण फाइलीच्या बाहेरची. हिला एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात, बोलताना एक्सअ‍ॅटर. फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, प्रत्येक फाइलीसोबत नाव आणि मूल्य अशा छोट्या जोड्या ठेवू देते. तुमच्या-आमच्यासारख्या साध्या युजरच्या प्रोग्रामांनी लिहिलेल्या जोड्यांचे नाव 'युजर' आणि टिंब असे सुरू होते. फाइल उघडून कितीही पाहिली तरी त्या दिसत नाहीत, आणि फाइलीच्या साइझमध्येही धरल्या जात नाहीत.

तिसरी जागा म्हणजे इंडेक्स, शोधयंत्रणेचा स्वतंत्र डेटाबेस. तो तुमच्या होम फोल्डरातल्या एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात असतो. कोणता शब्द कोणत्या फाइलीत आहे, एवढेच त्याला ठाऊक असते.

इंडेक्स कधीही पुसावा, तो पुन्हा तयार होतो. वेळ जातो एवढेच. फाइलीला चिकटलेल्या नोंदींचे तसे नाही. त्यातल्या काही यंत्राने स्वतःच्या सोयीसाठी टाकलेल्या असतात, तर काही तुम्ही हाताने लावलेले टॅग आणि शेरे असतात. ते एकदा पुसले की कुठलाही प्रोग्राम परत आणू शकत नाही. सफाईला बसण्याआधी नोंद कोणाची आहे ते पाहायचे, या पानाचा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे.

जुन्या फाइलींवर 'युजर डॉट बीगल' अशा नोंदी दिसतात. हा व्हायरस आहे का?

नाही. बीगल हे ग्नोमच्या वर्तुळातले डेस्कटॉप सर्चचे साधन होते. ते सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले होते आणि त्या भाषेतले प्रोग्राम चालवणाऱ्या मोनोवर चालायचे. २००६-०७च्या सुमारास सुसे आणि इतर काही वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) ते बरेच वापरात होते. त्याची शेवटची आवृत्ती २००९ साली आली आणि पुढे विकास थांबला.

कोणती फाइल वाचून झाली, केव्हा झाली, ती कोणत्या फिल्टरने वाचली, याची खूणगाठ बीगल प्रत्येक फाइलीच्या एक्सअ‍ॅटरमध्येच ठेवायचे. म्हणून एकेका फाइलीवर यूआयडी, एमटाइम, अ‍ॅटरटाइम, फिल्टर, फिंगरप्रिंट, नेम अशा नोंदी सापडतात आणि प्रत्येकीच्या आधी 'युजर डॉट बीगल' असते. जिथे एक्सअ‍ॅटर लिहिता येत नसत, तिथे ते होम फोल्डरातल्या आपल्या लपलेल्या फोल्डरात एसक्यूलाइट डेटाबेस वापरायचे.

कल्पना वाईट नव्हती. फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली तरी ओळख कायम राहते आणि ती पुन्हा वाचावी लागत नाही. पण मला हा निर्णय तेव्हाच्या मानानेही चुकीचा वाटतो. शोधयंत्रणेची अंतर्गत हिशेबवही युजरच्या फाइलींवर लिहायचीच कशाला? बीगल कॉम्प्युटरवरून काढून टाकले तरी या नोंदी जात नाहीत. फाइली नव्या डिस्कवर नेल्या, वितरण बदलले, तरी त्या बरोबर येत राहतात. आज त्या वाचणारा एकही प्रोग्राम तुमच्याकडे नसेल.

जागाही जाते. त्या काळच्या ईएक्सटी३ फाइलसिस्टिमवर आयनोड, म्हणजे फाइलसिस्टिमने प्रत्येक फाइलीसाठी ठेवलेली मूळ नोंद, बहुधा १२८ बाइटचा असे आणि त्यात एक्सअ‍ॅटरला जागाच नसे. म्हणजे नोंदी ठेवायला फाइलीमागे एक वेगळा ब्लॉक लागायचा, साधारणपणे ४ केबीचा. लाखभर फाइली असतील, तर शोधयंत्रणेच्या खुणांनीच ४०० एमबीच्या आसपास जागा खाल्ली.

या नोंदी बघायच्या कशा?

'गेटएफअ‍ॅटर' या आज्ञेने. अक्षरे अशी : जी, ई, टी, एफ, ए, टी, टी, आर. बऱ्याच वितरणांत ती 'अ‍ॅटर' नावाच्या पॅकेजात येते. पुढे 'डॅश डी' आणि फाइलीचे नाव दिले की 'युजर' गटातल्या सगळ्या जोड्या मूल्यांसह छापल्या जातात. 'डॅश कॅपिटल आर' जोडले तर फोल्डराच्या आतल्या सगळ्या फाइली तपासल्या जातात. ज्या फाइलीवर काहीच नाही ती यादीत येत नाही, त्यामुळे कचरा कुठे आहे ते लगेच कळते.

मराठीत टॅग लावणाऱ्यांना इथे एक गोष्ट दचकवते. 'शाळा' असा टॅग लावला असेल, तर गेटएफअ‍ॅटर त्याच्या जागी शून्य आणि एसने सुरू होणारी, काहीच अर्थबोध न होणारी रोमन अक्षरांची ओळ दाखवते. टॅग बिघडलेला नसतो. मूल्यात साध्या रोमन अक्षरांपलीकडचे बाइट जास्त असले की ही आज्ञा ते बेस-६४मध्ये, म्हणजे रोमन अक्षरे आणि अंकांत बदलून, छापते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणपद्धतीत ३ बाइटचे असते आणि बेस-६४मध्ये ३ बाइटांची बरोबर ४ अक्षरे होतात. म्हणून त्या ओळीत दर चार अक्षरांमागे 'चार, के, एस' किंवा 'चार, के, डब्ल्यू' हा तुकडा दिसतो. तो दिसला की आत देवनागरी मजकूर आहे असे खुशाल समजा. खरा मजकूर वाचायचा असेल तर 'डॅश एन'नंतर नोंदीचे नाव द्या आणि 'ओन्ली व्हॅल्यूज' हा पर्याय जोडा. मग 'शाळा' शाळा म्हणूनच दिसते.

बीगलच्या नोंदी काढायच्या कशा?

आधी प्रत घ्या. गेटएफअ‍ॅटरने फोल्डराची पूर्ण यादी काढून एका टेक्स्ट फाइलीत साठवा. हीच यादी 'सेटएफअ‍ॅटर' या जोडीच्या आज्ञेला 'रिस्टोर' पर्यायाने दिली की सगळ्या नोंदी परत बसतात. यादी ज्या फोल्डरात उभे राहून काढली तिथूनच ती परत द्यायची, कारण तिच्यातले पत्ते त्या फोल्डराच्या संदर्भाने असतात.

मग सेटएफअ‍ॅटरला 'डॅश एक्स' आणि नोंदीचे पूर्ण नाव द्यायचे. एका वेळी एकच नाव पुसता येते, म्हणून 'फाइंड' आज्ञेला जोडून सहा नावांसाठी सहा फेऱ्या मारा. बीगलमधला बी कॅपिटल आहे. छोटा लिहिला तर काहीच पुसले जाणार नाही. फोल्डरांवरही नोंदी असू शकतात, तेव्हा फाइंडला फक्त फाइली शोधायला सांगू नका. ज्या फाइलीवर ते नाव नाही तिथे 'असे अ‍ॅट्रिब्यूट नाही' अशी तक्रार छापली जाते. तिच्याकडे दुर्लक्ष करा. 'परवानगी नाही' अशी तक्रार आली तर मात्र ती फाइल फक्त वाचण्यापुरती खुली आहे. नोंद पुसण्यासाठीही लिहिण्याची परवानगी लागते.

सगळ्या नोंदी सरसकट पुसणाऱ्या तयार स्क्रिप्ट मिळतात. त्या वापरू नका. तुमचे टॅग, शेरे आणि तारांकने त्यांच्याबरोबर जातील.

पेनड्राइव्हवर टाकून परत आणल्या की नोंदी जातात म्हणे. मग तेच का करू नये?

जातात, कारण फॅट३२ आणि एक्सफॅटवर या नोंदींना जागाच नाही. पण तिथे तुमचे टॅगही जातात, फाइलींच्या परवानग्या जातात, नावात विसर्गचिन्हासारखा कोलन असेल तर फाइल कॉपीच होत नाही, आणि फॅट३२वर बदलाची वेळ दोन सेकंदांच्या पटीत गोल होते. सफाईसाठी ही वाट धरू नये.

नेहमीच्या कॉपीत नोंदी टिकतात का?

कॉपी करणारी साधी 'सीपी' आज्ञा नोंदी नेत नाही. 'डॅश ए' दिले तर नेते. त्याच डिस्कवर फाइल हलवली तर काहीच बदलत नाही. दोन ठिकाणच्या फाइली जुळवून ठेवणाऱ्या 'आरसिंक'ला कॅपिटल एक्स वेगळा द्यावा लागतो. नुसता 'डॅश ए' पुरत नाही, आणि इथेच अनेकांचे वर्षांचे टॅग बॅकअपमध्ये कधी आलेच नाहीत असे उशिरा कळते. फाइलींचा गठ्ठा बांधणाऱ्या 'टार'ला 'एक्सअ‍ॅटर्स' हा पर्याय लागतो. ईमेल आणि गिट यांत नोंदी जात नाहीत.

तुम्ही टॅग लावत असाल, तर आजच एक टॅग लावलेली फाइल बॅकअपमधून दुसरीकडे काढून बघा. टॅग दिसला तरच बॅकअप पूर्ण आहे.

डॉल्फिनमध्ये लावलेले टॅग आणि तारे कुठे साठतात? बालू बंद केला तर जातील का?

जाणार नाहीत. डॉल्फिन हा केडीईचा फाइली दाखवणारा प्रोग्राम, आणि बालू ही केडीईची इंडेक्स करणारी यंत्रणा. केडीईमध्ये टॅग 'युजर डॉट एक्सडीजी डॉट टॅग्ज', शेरा 'युजर डॉट एक्सडीजी डॉट कॉमेंट' आणि तारे 'युजर डॉट बालू डॉट रेटिंग' या नावांनी फाइलीवरच लिहिले जातात. ताऱ्यांची नोंद शून्य ते दहा असते, कारण अर्धा ताराही मोजला जातो. बालू बंद केला किंवा त्याचा इंडेक्स पुसला तरी हे सगळे जागेवर राहते. टॅगवरून शोधणे तेवढे थांबते, कारण शोध इंडेक्समधून होतो.

या मागचा इतिहास माहीत असलेला बरा. २००८ साली केडीई ४ आले तेव्हा हे काम नेपोमुककडे होते. नेपोमुक हा युरोपीय संघाच्या मदतीने चाललेला संशोधन प्रकल्प होता, आणि केडीईमधले त्याचे रूप व्हर्चुओसो नावाच्या जड डेटाबेसवर उभे होते. टॅग आणि तारे त्या डेटाबेसातच राहायचे. तो बिघडला की वर्षांची मेहनत गेली. २०१४च्या एप्रिलमध्ये केडीई ४.१३बरोबर बालू आला. त्याने माणसाने लावलेल्या खुणा फाइलीवर आणल्या आणि यंत्राचा हिशेब वेगळ्या डेटाबेसात ठेवला. बीगलने नेमके उलट केले होते. बालूवर लोक रागावतात आणि त्यातला काही राग रास्त आहे, पण ही वाटणी त्याने बरोबर केली.

म्हणून सफाई करताना नावात 'बालू' दिसले की यंत्राचा कचरा, असे धरू नका. 'बालू डॉट रेटिंग' म्हणजे तुम्ही दिलेले तारे आहेत.

बालू डिस्क सतत फिरवत ठेवतो. काय करावे?

आधी तो काय करतोय ते पाहा. 'बालू-सीटीएल' आज्ञेला 'स्टेटस' जोडा. प्लाझ्मा ६ या केडीईच्या नव्या डेस्कटॉपमध्ये आज्ञेच्या शेवटी ६ हा अंक लागतो. किती फाइली झाल्या, किती उरल्या, इंडेक्स केवढा आहे, ते कळते. 'मॉनिटर' जोडले तर या क्षणी कोणती फाइल वाचली जात आहे ते दिसते. नवीन कॉम्प्युटरवर किंवा मोठा डेटा नुकताच आणल्यावर काही तास काम चालणे साहजिक आहे. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर मजकूर वाचण्याचे काम बालू स्वतःहून थांबवतो, त्यामुळे चार्जर लावून रात्रभर ठेवला की बहुतेकांचे काम उरकते.

मॉनिटरमध्ये तीच फाइल पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर ती फाइल किंवा तिचा फोल्डर वगळा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये फाइल सर्चच्या पानावर फोल्डर वगळण्याची सोय आहे. प्रोग्रामिंगचे प्रकल्प, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क, डेटाबेसचे डंप आणि मोठाल्या लॉग फाइली बिनदिक्कत वगळाव्यात. त्यात शब्द शोधायला तुम्ही कधी डेस्कटॉप सर्च उघडणार नाही.

जुना हार्ड डिस्कवाला कॉम्प्युटर असेल तर मजकुराचे इंडेक्सिंग बंद करून फक्त फाइलींची नावे इंडेक्स करण्याचा पर्याय निवडा. माझ्या मते शाळा-ग्रंथालयांतल्या कमी मेमरीच्या कॉम्प्युटरांवर हीच मांडणी मुळातून ठेवावी. नाव आणि टॅग एवढ्यावर शोधकामाचा मोठा भाग भागतो.

सगळे करूनही घोळ मिटत नसेल तर बालू-सीटीएलला 'पर्ज' सांगा. इंडेक्स पुसला जाऊन नव्याने सुरू होतो. फाइलींवरच्या टॅगना धक्का लागत नाही.

शोधात एकच फाइल अनेक वेळा येते आणि इंडेक्स कित्येक जीबींचा झाला आहे. का?

तुमची डिस्क बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर आहे का ते पाहा. ओपनसुसेत आणि फेडोरात मूळ निवड तीच असते. बालू फाइलीची ओळख आयनोड क्रमांक आणि डिस्कचा क्रमांक जोडून ठरवत असे. बीटीआरएफएसवर डिस्कचा हा क्रमांक कायमचा नसतो, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की बदलू शकतो. मग बालूला सगळ्याच फाइली नव्या वाटायच्या आणि तो सगळे पुन्हा वाचायचा. जुन्या नोंदी तशाच पडून राहायच्या. बालूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हा दोष काढला आहे. पण आवृत्ती बदलली म्हणून आधी फुगलेला इंडेक्स आपोआप आटोपशीर होतो असे समजू नका. अद्ययावत केल्यावर एकदा 'पर्ज' करून नव्याने बांधून घ्या.

ग्नोममध्ये ट्रॅकर आणि लोकलसर्च अशी दोन नावे दिसतात. दोन्ही लागतात का?

यंत्रणा एकच आहे, ग्नोमची इंडेक्स करणारी. २०२४मध्ये ट्रॅकरच्या डेटाबेसचे नाव टायनीस्पार्कल आणि फाइली वाचणाऱ्या भागाचे नाव लोकलसर्च झाले. जुन्या वितरणात 'ट्रॅकर३' ही आज्ञा चालते, नव्यात 'लोकलसर्च'. दोन्हीला 'रीसेट' आणि 'फाइलसिस्टिम' हा पर्याय दिला की इंडेक्स पुसून पुन्हा तयार होतो.

डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स, व्हिडिओज हे फोल्डर लोकलसर्च खोलवर वाचतो. होम आणि डाउनलोड्स यांचा फक्त वरचा थर पाहतो. एखादा फोल्डर वगळायचा असेल तर त्यात 'डॉट ट्रॅकरइग्नोर' नावाची रिकामी फाइल ठेवली की काम होते. मला ही सोय फार आवडते, कारण फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला तरी मनाई त्याच्याबरोबर जाते.

ग्नोमच्या फाइल्समध्ये लावलेला तारा फाइलीवर लिहिला जात नाही. तो वेगळा साठतो आणि कॉपी केलेल्या फाइलीबरोबर जात नाही. तारा ही तात्पुरती खूण म्हणून वापरा, कायमच्या वर्गीकरणासाठी नको.

'जीव्हीएफएसडी मेटाडेटा' नावाची प्रोसेस सीपीयू खाते. हेही इंडेक्सिंगच का?

नाही. आयकॉनची जागा, फोल्डर कसा दाखवायचा, पीडीएफ कोणत्या पानावर बंद केली होती, असली किरकोळ माहिती ही प्रोसेस ठेवते. तिच्या डेटाबेसात बिघाड झाला की ती गोल फिरत राहते. ती प्रोसेस थांबवा, मग होम फोल्डरातल्या 'डॉट लोकल', त्यातल्या 'शेअर' आणि त्यातल्या 'जीव्हीएफएस मेटाडेटा' फोल्डरातल्या फाइली काढून टाका. ती माहिती गेल्याने काही अडत नाही.

डिस्कवर भरपूर जागा आहे. तरी टॅग लावताना 'जागा शिल्लक नाही' असे का येते?

ईएक्सटी४वर एका फाइलीच्या सगळ्या एक्सअ‍ॅटर मिळून साधारण एका ब्लॉकात, म्हणजे बहुधा ४०९६ बाइटांत, बसाव्या लागतात. त्यात सुरक्षा यंत्रणेच्या नोंदी, परवानग्यांच्या जादा याद्या आणि बीगलसारख्या जुन्या खुणा आधीच बसलेल्या असतात. मराठीत प्रत्येक अक्षरचिन्हाला, मात्रेला आणि हलन्तालाही ३ बाइट लागतात, त्यामुळे लांबलचक शेरा लिहिला की हजारभर चिन्हांच्या आसपासच मर्यादा गाठली जाते. फाइलसिस्टिम तेव्हा 'डिस्क भरली' असाच निरोप देते आणि माणूस भलतीकडे जागा मोकळी करत बसतो.

अशा फाइलीवर आधी गेटएफअ‍ॅटर चालवा. बीगलच्या नोंदी निघाल्या तर त्या काढा. शेरा तरीही मावत नसेल तर त्याची जागा शेजारी ठेवलेल्या टेक्स्ट फाइलीत आहे.

फाइलीच्या नावालाही हाच हिशेब लागतो. नावाची मर्यादा २५५ बाइटांची, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. 'ग्रामपंचायत मासिक सभा इतिवृत्त' अशी भरघोस नावे देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मजकूर समोर दिसतो, पण मराठी शब्द शोधला तर फाइल सापडत नाही. इंडेक्स बिघडला आहे का?

बहुधा नाही. आपल्याकडची ही सर्वांत मोठी अडचण आहे आणि ती इंडेक्स पुसून सुटत नाही, म्हणून थोडे सविस्तर.

युनिकोड रुळण्याआधी मराठीत जे टंकलेखन झाले, ते श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत झाले. या फाइलींत देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. इंडेक्सरला फाँटशी देणेघेणे नाही. तो बाइट वाचतो आणि निरर्थक शब्दांचा ढीग इंडेक्समध्ये भरतो. म्हणजे फाइल सापडत तर नाहीच, उलट इंडेक्स विनाकारण फुगतो.

पारख सोपी आहे. फाइलीतली एक ओळ कॉपी करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा. तिथे मराठी उमटले तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. वेडीवाकडी रोमन चिन्हे आली तर तो जुन्या फाँटातला आहे. पीडीएफलाही हीच कसोटी लावा, कारण पडद्यावर निर्दोष दिसणाऱ्या पीडीएफमधून कॉपी केल्यावर काने-मात्रे गळालेला मजकूर येणे नित्याचे आहे. इंडेक्सरलाही तोच गळका मजकूर मिळतो.

रूपांतर करणे हाच खरा उपाय. सगळे लगेच होणार नसेल तर निदान फाइलीचे नाव युनिकोड मराठीत ठेवा आणि दोन-तीन टॅग लावा, मग नावावरून आणि टॅगवरून ती सापडेल. रूपांतर होईपर्यंत असे फोल्डर मजकुराच्या इंडेक्सिंगमधून वगळलेले चांगले.

मजकूर युनिकोडमध्ये असूनही शब्द सापडत नसेल, तर 'दुसऱ्या', 'सुट्ट्यांतल्या वाऱ्या' असल्या शब्दांतला अर्धा र तपासा. तो दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्रणेला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. एका कीबोर्डवर टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कीबोर्डवरून शोधताना हे घडते. तेव्हा शब्दाचा दुसराच भाग शोधा, किंवा मजकुरातूनच शब्द उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा.

मॅकवरून आलेल्या डिस्कवर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फाइली आहेत. पुसू का?

फोटो आणि कागदपत्रांजवळच्या असतील तर खुशाल पुसा. एक्सअ‍ॅटरला जागा नसलेल्या डिस्कवर मॅक आपल्या नोंदी अशा जोडफाइलींत ठेवतो. इंडेक्सर त्यांना फोटो समजून उघडायला जातो आणि नापास फाइलींची यादी लांबते.

जुने मॅक फाँट असलेला फोल्डर मात्र हात लावण्याआधी नीट पाहा. त्या काळच्या मॅक फाँटांचा खरा ऐवज रिसोर्स फोर्क नावाच्या भागात असे, आणि फॅट डिस्कवर तो याच जोडफाइलीत जातो. मुख्य फाइल शून्य बाइटची दिसते आणि कचरा वाटणाऱ्या जोडफाइलीत अख्खा फाँट असतो. मॅकवर काम केलेल्या छापखान्यांच्या जुन्या डिस्क साफ करताना हे विसरू नये. तो फाँट गेला तर त्यात टाइप केलेला मजकूर वाचणेही कठीण होते.

डाउनलोड केलेल्या फाइलींवर वेबपत्ते चिकटलेले दिसले. ते कोणी लिहिले?

ते डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रामाने लिहिले, इंडेक्सरने नव्हे. नोंदीच्या नावात 'एक्सडीजी डॉट ओरिजिन डॉट यूआरएल' असते. फाइल कुठून आली ते कळण्यासाठी ही सोय आहे, आणि संशोधन करणाऱ्याला ती उपयोगीही पडते. पण पत्त्यातच पासवर्ड किंवा गुप्त किल्ली असेल तर तीही फाइलीवर उमटते. डब्ल्यूगेट या डाउनलोड करणाऱ्या आज्ञेत असा दोष २०१८मध्ये नोंदवला गेला आणि १.२०.१ या आवृत्तीत दुरुस्त झाला. त्याआधी उतरवलेल्या फाइलींवर तो पत्ता अजून असू शकतो. सामायिक सर्व्हरवर फाइली ठेवणाऱ्यांनी बाकीचे काही नाही, तरी ही एक नोंद जरूर शोधून पुसावी.

नवीन फाइली इंडेक्समध्ये येतच नाहीत.

फोल्डरांवर नजर ठेवायला लिनक्स कर्नल मर्यादित संख्येने पहारे देतो. जुन्या कर्नलमध्ये ही मर्यादा ८१९२ होती. ५.११पासून ती मेमरीनुसार आपोआप वाढते. जुने वितरण आणि हजारो फोल्डर असतील, तर 'मॅक्स युजर वॉचेस' ही किंमत वाढवा किंवा जादा फोल्डर वगळा.

इंडेक्सिंग पूर्ण बंद केले तर चालेल का?

चालेल. नाव आठवत असेल तर 'पीलोकेट' ही आज्ञा क्षणात शोधते. मजकुरात कधी तरीच शोधायचे असेल तर रिकॉल हा शोधप्रोग्राम घ्या. तो तुम्ही सांगाल तेव्हाच इंडेक्स बांधतो, आणि तो इंडेक्स वेगळ्या डेटाबेसात राहतो. ज्याला फाइली नेमून दिलेल्या जागी ठेवायची सवय आहे, त्याला मागे सतत चालणाऱ्या यंत्रणेची गरज पडत नाही. हजारो स्कॅन सांभाळणाऱ्या ग्रंथालयाला मात्र मी इंडेक्सिंग चालूच ठेवायला सांगेन.

नोंदी पुसल्यावर बॅकअपला एकाएकी तासन्‌तास लागू लागले. काही बिघडले का?

काही बिघडलेले नाही. एक्सअ‍ॅटर बदलल्याने फाइलीची बदलाची तारीख, म्हणजे एमटाइम, तशीच राहते. पण सीटाइम नावाची दुसरी वेळ बदलते. बोर्ग आणि रेस्टिक ही बॅकअपची साधने सीटाइम पाहतात, त्यामुळे त्यांना सगळ्या फाइली बदलल्यासारख्या वाटतात आणि ती प्रत्येक फाइल पुन्हा वाचतात. मजकूर तोच असल्याने तो दुसऱ्यांदा साठवला जात नाही. वेळ तेवढा लागतो. आरसिंक सीटाइम बघत नाही, म्हणून त्याला फरक पडत नाही. मोठा संग्रह असेल तर सफाई शनिवारी रात्री करा, म्हणजे पुढचा लांबलेला बॅकअप रविवारी उरकेल.